पुष्पिका आणि पोथी : डेमोसीनच्या स्मरणरंजनाची चिकित्सा

१

'नॉस्टॅल्जिया' या शब्दासाठी मराठीत आज दोन प्रतिशब्द रूढ आहेत : एक 'स्मरणरंजन' आणि दुसरा 'गतकातरता'. मूळ शब्द योहानेस होफर याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या वैद्यकविषयक प्रबंधात घडविला. 'घरी परतणे' आणि 'वेदना' अशा अर्थाच्या दोन ग्रीक पदांचा तो समास असून प्रारंभी तो एका व्याधीचेच नाव होता. मराठीतील पहिल्या प्रतिशब्दात यातील वेदनेचा अंश पूर्णपणे गळून गेला आहे. उरले आहे ते केवळ रंजन. दुसऱ्या प्रतिशब्दात वेदनेची छाया आहे. परंतु प्रचारात अधिक आहे तो पहिलाच. ही निवड केवळ सोयीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. भूतकाळाकडे वळून पाहताना आपण काय राखतो आणि काय गाळतो, याची ती एक निशाणी आहे.

प्रस्तुत लेखात या भेदाचा उपयोग एका अगदी अलीकडच्या कलाव्यवहाराच्या संदर्भात करावयाचा आहे. १९८० नंतरच्या दशकात युरोपात, विशेषतः स्कॅन्डिनेव्हिया, नेदरलँड्स आणि जर्मनी या प्रदेशांत, घरगुती संगणक हाताळणाऱ्या तरुणांमध्ये 'सीन' या नावाने ओळखला जाणारा एक समाज उदयास आला. संगणकावरील खेळांचे प्रतिबंध तोडून त्यांच्या प्रती वाटणे, म्हणजे 'क्रॅकिंग', हा त्याचा आरंभीचा उद्योग. त्यातूनच पुढे 'डेमो' हा स्वतंत्र कलाप्रकार निघाला. संगणकाने प्रत्यक्ष चालू असताना स्वतः गणित करून दाखविलेले चित्र आणि ऐकविलेले संगीत, असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल. आज त्या काळाविषयी विपुल स्मरणलेखन होत आहे. त्या लेखनाचा जिव्हाळा खरा आहे, यात संशय नाही. परंतु ते कोणत्या वस्तूचे स्मरण करते आणि कोणती वस्तू विसरते, हा प्रश्न अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही.

२

प्रथम वस्तुस्थिती. कमोडोर ६४ हा संगणक १९८२ साली बाजारात आला. त्याची स्मृती ६४ किलोबाइट होती आणि त्याचा प्रक्रियक सेकंदाला सुमारे दहा लाख आवर्तने करीत असे. अ‍ॅमिगा मालिकेतील पहिला संगणक १९८५ साली आणि घरोघर पोहोचलेला अ‍ॅमिगा ५०० हा १९८७ साली आला. या यंत्रांवरील खेळ कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर विकले जात. त्यांची प्रत काढता येऊ नये म्हणून विक्रेते चकतीवर हेतुपुरस्सर सदोष भाग निर्माण करीत किंवा पुस्तिकेतील अमुक पानावरचा अमुक शब्द विचारीत. क्रॅक करणारा मनुष्य यंत्रभाषेतील आज्ञा एकेक करून वाचीत जाई, ही तपासणी नेमकी कोठे होते ते शोधून काढी आणि ती निकामी करी. त्यानंतर तो खेळ आटोपशीर करून त्याच्या आरंभी आपल्या गटाचे एक लहानसे दृश्य जोडी. या दृश्यालाच 'क्रॅकट्रो' म्हणतात. अ‍ॅमिगाच्या चकतीवरील आरंभखंड अवघा १०२४ बाइटांचा. तेवढ्या जागेतही अशी दृश्ये बसविली गेली आहेत.

या दृश्यांत गटाचे नाव ठळक अक्षरांत असे, त्यामागे रंगांचे पट्टे हलत, लहानसे संगीत वाजे आणि पडद्याच्या तळाशी उजवीकडून डावीकडे एक मजकूर सरकत जाई. नॉर्वेमध्ये १९८५ साली स्थापन झालेला रेझर १९११ आणि स्वीडनमध्ये १९८७ साली स्थापन झालेला फेअरलाइट, ही अशा गटांपैकी दोन प्रसिद्ध नावे. पहिल्या नावातील १९११ हे साल नव्हे. षोडशमान पद्धतीने लिहिल्यास ही संख्या ७७७ अशी होते. नावातसुद्धा जाणत्यालाच कळेल अशी एक खूण ठेवण्याची ही वृत्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तांत्रिक कौशल्याचे एक उदाहरण पाहू. युरोपातील दूरचित्रवाणी पद्धतीनुसार कमोडोर ६४ सेकंदाला सुमारे ५० चित्रे काढी; प्रत्येक चित्रात ३१२ ओळी आणि प्रत्येक ओळीस ६३ आवर्तने, म्हणजे एका चित्रास १९,६५६ आवर्तने. चित्राभोवती एक रिकामी चौकट असे आणि तीत काही रेखाटता येणार नाही, हे निर्मात्यांनीच ठरविलेले होते. परंतु चौकट सुरू करावयाची की नाही, याची तपासणी चित्र काढणारी चिप प्रत्येक ओळीच्या एका ठराविक बिंदूपाशी करी, आणि स्तंभांची संख्या ४० ऐवजी ३८ असेल तर हा बिंदू किंचित अलीकडे येई. म्हणून अलीकडचा बिंदू ओलांडून गेल्यावर आणि पलीकडचा येण्यापूर्वी, अशा अत्यल्प अवधीत संख्या ४० वरून ३८ केली, तर तपासणी होतच नाही आणि चौकट उघडी राहते. प्रत्येक ओळीला, प्रत्येक चित्रात, अचूक त्याच क्षणी हे करावे लागे. या युक्तीशी नेदरलँड्समधील १००१ क्रू या गटाचे नाव निगडित आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. प्रतिबंध तोडणे आणि चौकट उघडणे या दोन क्रियांमागील बुद्धी एकच आहे. 'हे करता येणार नाही' असे जेथे लिहिलेले आहे, तेथे ही तपासणी नेमकी केव्हा होते, असे विचारणारी ती बुद्धी होय. म्हणूनच डेमोचे कौतुक करताना क्रॅकिंगला केवळ पूर्वपीठिका म्हणून बाजूस सारणे हे सौंदर्यदृष्ट्यासुद्धा असमर्थनीय आहे. नैतिक मूल्यमापन वेगळे; परंतु मूळ एकच आहे.

३

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या दृश्यांचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे तो तळाशी सरकणारा मजकूर; आणि स्मरणलेखनात सर्वांत कमी वाचला जातो तोही तोच. तो लिखित आहे. तथापि लिखिताचे प्रमुख लक्षण, म्हणजे वाचकाने हवे तेव्हा मागे वळणे, त्यात नाही. अक्षरे आली तशी निघून जातात. वाचनाची गती लेखकाने, किंबहुना यंत्राने, ठरविलेली असते. या अर्थाने तो मजकूर लेखनाच्या वेषातील बोलणेच होय. त्याची रचनाही तशीच असते. मध्येच विषय बदलतो, आता रात्रीचे किती वाजले आहेत ते सांगितले जाते, आणि कधी पहिला लेखक कळफलक सोडून देतो व दुसरा तेथे येऊन बसतो. 'येथे' आणि 'आता' या अर्थाच्या दर्शक पदांची त्यात रेलचेल असते, आणि वाचणाऱ्यास ते 'येथे' व 'आता' कधीच उपलब्ध नसतात. चकती टपालाने महिन्याभराने दुसऱ्या देशात पोहोचलेली असते.

या मजकुराची काही ठराविक अंगे आहेत : क्रॅक करणाऱ्याचे आणि मूळ प्रत पुरविणाऱ्याचे नाव, मित्रगटांना अभिवादन, प्रतिस्पर्ध्यांची हेटाळणी, आणि अखेरीस पत्ता. पश्चिम जर्मनीत पत्त्याऐवजी टपाल कचेरीतून निनावी टपाल उचलण्याच्या पत्रकाचा क्रमांक देण्याची सोय होती व तिचा पुष्कळ उपयोग केला जाई. टपालखर्च वाचविण्यासाठी तिकिटांवर गोंदाचा थर देत. म्हणजे टपालाचा शिक्का धुऊन ते तिकीट पुन्हा वापरता येई. अभिवादनाची यादी ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती. पैशाचा व्यवहार ज्या समाजात तत्त्वतः त्याज्य मानला होता, त्या समाजातील ती पतपेढीच होती. यादीत नाव येणे ही जमा. न येणे हा अपमान. फिनिश, डॅनिश, डच वा जर्मन मातृभाषा असलेल्या मुलांनी हे सारे बहुतांशी इंग्रजीत लिहिले, आणि ते इंग्रजी शाळेने शिकविलेले इंग्रजी नव्हते. अनेकवचनाच्या प्रत्ययाजागी मुद्दाम वेगळे अक्षर घालणे, अक्षरांऐवजी अंक योजणे, नवशिक्यासाठी एक खास तुच्छतादर्शक संज्ञा रूढ करणे, या साऱ्या खुणांनी आतला कोण आणि बाहेरचा कोण हे ठरविले जाई.

आता या मजकुराचा साहित्यप्रकार कोणता? मराठी वाचकास प्रथम संतकाव्यातील नाममुद्रेची आठवण होणे स्वाभाविक आहे. अभंगाच्या अखेरीस कवी आपले नाव गोवतो. येथे आरंभी गटाचे नाव झळकते. परंतु हे साम्य वरवरचे आहे. नाममुद्रा ही रचनाकाराची असते. क्रॅकट्रोवर ज्याचे नाव असते त्याने तो खेळ रचलेला नसतो; त्याने त्याची प्रत केलेली असते. याला आपल्या परंपरेतील खरे समांतर उदाहरण म्हणजे हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिकाने लिहिलेली पुष्पिका होय. पोथीची प्रत कोणी, कोठे, कोणत्या शकात, कोणासाठी केली ते पुष्पिका सांगते. श्रमांचा उल्लेख करते, चुकांबद्दल क्षमा मागते, आणि पोथी चोरणाऱ्यास क्वचित् शापही देते. क्रॅकट्रो ही अशीच पुष्पिका आहे. भेद एवढाच, की ती अखेरीस नसून आरंभी आहे, आणि क्षमा मागण्याऐवजी ती फुशारकी मारते.

४

ही उपमा मान्य केली तर डेमोच्या जन्माचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. लेखनिकाची पुष्पिका दिवसेंदिवस इतकी सुशोभित होत गेली की एक दिवस ती पोथीपासून सुटून स्वतंत्रपणे हिंडू लागली. खेळ नाहीसा झाला. त्याच्यापुढचे दृश्य तेवढे उरले. प्रतींच्या देवघेवीसाठी भरणारे मेळावे हळूहळू स्पर्धांचे मेळावे झाले. डेन्मार्कमध्ये १९९१ च्या नाताळात भरलेला 'द पार्टी', तसेच १९९२ पासून नॉर्वेतील 'द गॅदरिंग' आणि फिनलंडमधील 'असेंब्ली', ही त्याची प्रमुख उदाहरणे.

सुटून निघालेल्या या कलेने काही खरोखर अविस्मरणीय कृती दिल्या. नॉर्वेच्या स्पेसबॉल्स गटाची 'स्टेट ऑफ द आर्ट' ही कृती १९९२ च्या 'द पार्टी'त अ‍ॅमिगा विभागात प्रथम आली. नृत्य करणाऱ्या स्त्रियांच्या सपाट छायाकृती आणि तालाशी जुळलेली दृश्यांची पलटण यांनी ती गाजली. आणि याच कारणाने तिच्यावर आक्षेपही आले. पुष्कळ आकृती आधीच आखून ठेवलेल्या आहेत, यंत्राने तेथे स्वतः फारसे गणित केलेले नाही, ही मग चित्रपट्टी झाली, असे जुन्या मंडळींचे म्हणणे होते. फ्युचर क्रू या फिनिश गटाची 'सेकंड रिअ‍ॅलिटी' १९९३ च्या असेंब्लीत पीसी विभागात विजयी झाली. तिच्या अखेरीस येणारे नगरावरील उड्डाण पाहिले म्हणजे कार्यालयीन हिशेबासाठी घडविलेल्या यंत्राकडून हे करवून घेतले कसे, असा विस्मय आजही वाटतो. २००९ साली ब्रेकपॉइंट या जर्मन मेळाव्यात सादर झालेली 'एलिव्हेटेड' ही कृती तर ४०९६ बाइटांत डोंगररांगांचा एक विस्तीर्ण प्रदेश संगीतासह उभा करते. देवनागरी मजकुरास यूटीएफ-८ पद्धतीने दर चिन्हास तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने तेवढ्या जागेत मराठीची सुमारे १३६५ चिन्हे मावतील. म्हणजे एक छापील पानही पुरते भरणार नाही.

तथापि या तीन कृती क्रमाने पाहिल्या म्हणजे एक बदल जाणवतो. 'एलिव्हेटेड'मधील ४०९६ बाइटांची मर्यादा कर्त्यांनी स्वेच्छेने पत्करलेली आहे. त्यांच्यापुढील यंत्रावर त्याच्या कित्येक लक्षपट जागा होती. कमोडोरवर काम करणाऱ्या मुलासमोर ६४ किलोबाइटांना पर्यायच नव्हता. पहिली मर्यादा वृत्तासारखी आहे, दुसरी दारिद्र्यासारखी. दोन्हींतून उत्तम कला निर्माण होऊ शकते. परंतु त्या एकच आहेत असे मानणे ही समीक्षेतील गफलत होय. 'तेव्हा साधने अल्प होती म्हणून कल्पकता होती' हे स्मरणलेखनातील आवडते विधान याच गफलतीवर उभे आहे.

५

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द फ्युचर ऑफ नॉस्टॅल्जिया' या ग्रंथात गतकाळाच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, हरवलेले घर पुन्हा जसेच्या तसे बांधू पाहणारी. आणि दुसरा, ते हरवले आहे हे जाणून त्या अंतराचाच विचार करणारी. डेमोसीनविषयीचे प्रचलित लेखन बहुतांशी पहिल्या प्रकारचे आहे, आणि हे घर बांधताना त्याने तीन गोष्टी गाळल्या आहेत.

पहिली गोष्ट प्रत्यक्ष गणनाची. आज या कृती बहुधा चित्रफितीच्या रूपात पाहिल्या जातात. 'स्टेट ऑफ द आर्ट'वर जो आक्षेप घेतला गेला होता, तो आता प्रत्येक कृतीस लागू पडतो. कारण चित्रफितीत सारेच आधी आखलेले असते. दुसरी गोष्ट मजकुराची. त्याविषयी वर लिहिलेच आहे. तिसरी गोष्ट पोथीची, म्हणजे ज्या खेळापुढे हे दृश्य जोडले गेले त्या खेळाची व त्याच्या कर्त्याची. फिनलंडने २०२० साली, जर्मनी व पोलंड यांनी २०२१ साली आणि नेदरलँड्सने २०२३ साली डेमोसीनचा समावेश आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत केला. हा गौरव सर्वथा उचित आहे. परंतु नोंद डेमोसीनची आहे, क्रॅकिंगची नाही. कोणतेही राज्य कायदाभंगास वारसा म्हणून मिरविणार नाही, हे समजण्यासारखे आहे. समीक्षकावर मात्र असे कोणतेही बंधन नाही.

या गाळलेल्या भागात वेदना आहे. ज्यांचा खेळ पहिल्याच आठवड्यात फुकट वाटला गेला, त्या लहान मंडळींची ती आहे. ज्या मुलांची नावे कोणत्याच अभिवादन-यादीत आली नाहीत, त्यांची आहे. आणि ज्या मुली त्या खोल्यांत जवळजवळ नव्हत्याच, त्यांचीही आहे. पुढे कायदाही कडक झाला. युरोपीय समुदायाच्या मे १९९१ मधील निर्देशाने संगणकाच्या कार्यक्रमास साहित्यकृती म्हणून संरक्षण दिले. भारतात हीच व्यवस्था १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील १९८४ च्या दुरुस्तीने आधीच झाली होती. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने अनेक देशांत एकाच वेळी छापे पडले. कार्यक्रम ही साहित्यकृती आहे असे कायदा म्हणतो. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र ते विधान अद्याप गंभीरपणे घेतलेले नाही.

ते गंभीरपणे घ्यावयाचे तर मार्ग आपल्या परिचयाचा आहे. अनेक जुन्या खेळांच्या आज उपलब्ध असलेल्या प्रती क्रॅक केलेल्याच आहेत. लेखनिकाने ग्रंथ राखला आणि राखताना तो बदललाही : कोठे तपासणी काढली, कोठे जागेसाठी एखादे चित्र गाळले, कोठे खेळणाऱ्यास अगणित प्राण दिले. एकाच खेळाच्या निरनिराळ्या गटांनी केलेल्या प्रती हे पाठभेदच होत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा प्रतींच्या समान दोषांवरून व प्रक्षेपांवरून त्यांची कुळे ठरविण्याची जी शिस्त घालून दिली गेली, तीच येथे उपयोगी पडेल. लेखनिकास चोर किंवा नायक यांपैकी एक ठरविण्याची घाई पाठचिकित्सा करीत नाही. ती त्याला साक्षीदार मानते आणि त्याची साक्ष तपासून घेते.

६

हा विषय आपणांस दूरचा वाटेल. १९८६ साली स्पेक्ट्रम प्लस या ब्रिटिश संगणकाची एक परवानाधारक आवृत्ती भारतात निघाली. तथापि त्या काळी घरगुती संगणक आपल्याकडे विरळाच होता आणि सीनसारखा समाज त्याभोवती घडला नाही. परंतु त्या समाजाचे काम आपल्यापर्यंत मुळीच आले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. ते उशिरा आले, आणि निनावी आले.

प्रस्तुत लेखकाचा प्रबंध, २००० नंतरच्या दशकात, एका लहानशा दुकानात अक्षरजुळणीस दिला होता. एके दिवशी तेथील यंत्र नव्याने सिद्ध करावे लागले. पडद्यावर एक लहान चौकोन उघडला, त्यात अक्षरे सरकू लागली आणि एक चमत्कारिक, लोभस धून वाजू लागली. 'सर, हे वाजतंच,' असे म्हणून त्या तरुणाने ध्वनी बंद केला, चौकोनातील अंकांची ओळ उतरून घेतली आणि तो कामास लागला. ती धून कार्स्टन ओबार्स्की यांच्या १९८७ मधील 'अल्टिमेट साउंडट्रॅकर'पासून चालत आलेल्या रचनापद्धतीची होती, आणि तो चौकोन हा क्रॅकट्रोचाच वंशज होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. सरकणारा मजकूर मी तेव्हा वाचला नाही. भाषेचा अभ्यासक असून वाचला नाही.

त्या प्रबंधाच्या आरंभी रिवाजाप्रमाणे ऋणनिर्देशाचे पान आहे. मार्गदर्शक, ग्रंथपाल, निवेदक, कुटुंबीय, अक्षरजुळणी करणारा तरुण, या सर्वांची नावे त्यात आली आहेत. ज्यांच्या कार्यक्रमाचे मोल दिले गेले नाही ते कर्ते त्यात नाहीत, आणि तो प्रतिबंध तोडणारा अनामिकही नाही. दोघांच्याही श्रमांवर ते पान छापले गेले. आज त्या धुनी पुन्हा ऐकताना रंजन होते, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या आनंदाबरोबर ही अपुरी यादीही आठवते, आणि 'स्मरणरंजन' हा शब्द त्या अनुभवास पुरत नाही. ज्यात वेदना आहे तो दुसरा शब्द अधिक खरा आहे. त्या दुसऱ्या शब्दाच्या बाजूने या कृतींचे वाचन व्हावे, सरकत्या मजकुरांचा संग्रह भाषिक सामग्री म्हणून हाती घेतला जावा, आणि पुष्पिकेबरोबर पोथीही उघडली जावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.